मोनॅकोचे दोन हंगाम : २००३-०४ आधी बघावा की २०१६-१७?

फ्रेंच फुटबॉल म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पॅरिस सेंट जर्मेन येतं आणि विषय तिथेच संपतो. त्यापलीकडे जाऊन एखाद्या फ्रेंच क्लबचा अख्खा हंगाम, म्हणजे घरची लीग, घरचे करंडक आणि चॅम्पियन्स लीग, जुन्या सामन्यांतून क्रमाने बघायचं कुणी ठरवलं असेल, तर मी त्याला मोनॅको सुचवतो. लियोंने २००२ ते २००८ सलग सात वेळा लीग जिंकली, मार्सेने १९९३ मध्ये युरोपचा करंडक फ्रान्समध्ये आणला, हे मान्य. पण इतक्या कमी माणसांच्या जिवावर एका वर्षात इतकं काही घडलेलं दुसरीकडे सापडत नाही. अडचण एवढीच, की मोनॅकोचे असे हंगाम दोन आहेत.

पहिला २००३-०४ चा. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत धडक, लीगमध्ये तिसरा क्रमांक, हाती एकही करंडक नाही. दुसरा २०१६-१७ चा. फ्रेंच लीगचं विजेतेपद, युरोपात उपांत्य फेरी, आणि घरच्या दोन्ही करंडकांत पॅरिसकडून मार. दोन्ही हंगामांत पेच तोच आहे : मोजक्या खेळाडूंच्या संघाने लीग आणि युरोप या दोन दगडांवर पाय ठेवायचा कसा, आणि एप्रिल आला की कोणत्या दगडावरचा पाय उचलायचा. या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं या दोन संघांनी दिली.

माझा कौल आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदाच बघणार असाल तर २०१६-१७ घ्या. तुमच्याकडे मोजक्याच रात्री मोकळ्या असतील तर मात्र २००३-०४. कारणं पुढे सविस्तर देतो, कारण या निवडीत चूक झाली तर माणूस पाचव्या सामन्याला कंटाळतो आणि मोनॅको त्याच्या यादीतून कायमचं जातं.

आधी क्लबबद्दल थोडं. मोनॅको हे स्वतंत्र संस्थान आहे, लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत, पण क्लब फ्रेंच महासंघाच्या लीगमध्येच खेळतो. लुई दुसरा यांच्या नावाचं स्टेडियम समुद्रात भराव टाकून केलेल्या फाँव्हिएय भागात आहे. त्यात जेमतेम साडेअठरा हजार माणसं बसतात, आणि लीगच्या सामन्यांना बऱ्याचदा तेवढीही नसतात. रेकॉर्डिंग बघताना हे लगेच जाणवेल. मार्सेचा किंवा लाँसचा सामना बघून आलात तर इथली शांतता पहिल्यांदा खटकते. म्हणूनच ज्या रात्री हे मैदान खरोखर पेटलं, त्या रात्री वेगळ्या उठून दिसतात.

सुरुवात कुठून झाली

२००३ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा हंगाम सुरू होण्याआधीच संपायच्या बेतात होता. फ्रान्समध्ये क्लबांचे हिशेब तपासणारी एक समिती असते. डोक्यावर सुमारे ५ कोटी युरोंचं कर्ज असलेल्या मोनॅकोला तिने थेट दुसऱ्या श्रेणीत ढकलण्याचा निर्णय दिला. पुढे अपिलात तो फिरवला गेला, पण खेळाडू विकत घ्यायला हात बांधलेलेच राहिले. मग आहे त्या माणसांवर भागवायचं आणि उरलेली जागा उसनवारीवर भरायची. माद्रिदमध्ये ब्राझीलचा रोनाल्दो आल्यापासून बाकावर बसलेला फर्नांदो मोरिएन्तेस असाच उसना आला, आणि त्याच्या पगाराचा मोठा वाटाही रेआल माद्रिदच उचलत होतं. ही एक नोंद लक्षात ठेवा, वसंतात ती कामाला येणार आहे.

प्रशिक्षक दिदिए देशाँ तेव्हा पस्तिशीत होता. खेळाडू म्हणून विश्वचषक उंचावलेला, प्रशिक्षक म्हणून अजून मोठं काही सिद्ध न केलेला. उजवीकडून आत घुसणारा छोट्या चणीचा कर्णधार लुदोविक ज्युली, डावीकडून फ्री किक आणि कॉर्नर टाकणारा जेरोम रोतें, बचावात डाव्या बाजूला कोवळा पॅट्रिस एव्हरा, पुढे क्रोएशियाचा दादो पर्शो. संघ छान, पण बाकावर नजर टाकली की पोटात गोळा यावा. त्यातच आघाडीचा शाबानी नोंदा शरद ऋतूतच गुडघा दुखावून बाहेर गेला.

२०१६ चं चित्र वेगळं. मधल्या काळात क्लब २०११ मध्ये खरोखरच दुसऱ्या श्रेणीत घसरला, त्याच वर्षाच्या अखेरीस रशियन उद्योगपती दिमित्री रिबोलोव्हलेव्हने तो विकत घेतला, पैसा ओतला, आणि काही काळाने धोरणच बदललं : तरुण पोरं घ्यायची, घडवायची, विकायची. २०१५-१६ मध्ये पॅरिसने ९६ गुण घेतले होते, तिसऱ्या आलेल्या मोनॅकोचे होते ६५. एकतीस गुणांची ही दरी एका वर्षात कुणी बुजवेल असं म्हणायला धजावणारा माणूस फ्रान्सभर शोधूनही सापडला नसता. तिसऱ्या क्रमांकामुळे प्रशिक्षक लिओनार्दो जार्दिमच्या संघाला चॅम्पियन्स लीगमध्ये पात्रता फेरीतून यावं लागलं. जुलैच्या अखेरीस फेनेरबाचेविरुद्ध इस्तंबूलला १-२ अशी हार, मग घरी ३-१. त्यानंतर व्हियारेआलला दोन्ही सामन्यांत हरवून गटात प्रवेश. म्हणजे बाकीच्या क्लबांचे खेळाडू सुट्टीवरून परतत असताना यांचा हंगाम सुरू झाला होता. तो २० मेपर्यंत चालला : सगळ्या स्पर्धा धरून ६३ सामने.

युरोप : इथे २००३-०४ भारी

युरोपातल्या रात्रींसाठीच बघणार असाल तर वादच नको, २००३-०४ घ्या. २०१६-१७ मध्येही मोठे सामने आहेत, पण पहिल्या हंगामातल्या चढाला तोड नाही.

गटसाखळीत ५ नोव्हेंबर २००३ ला मोनॅकोने देपोर्तिवो ला कोरुन्याला ८-३ असं हरवलं. मध्यंतरालाच ५-२ झाले होते. पर्शोचा त्या दिवशी एकोणतिसावा वाढदिवस होता आणि त्याने चार गोल केले. एका सामन्यात ११ गोल हा चॅम्पियन्स लीगचा विक्रम पुढे २०१६ पर्यंत टिकला. देपोर्तिवो म्हणजे कुणी लेचापेचा संघ नव्हता. त्याच वर्षी पुढे त्यांनी मिलानला ४-० ने बाहेर काढून उपांत्य फेरी गाठली. हा सामना मात्र मी सुरुवातीला बघू नका असं सांगेन. गोलांची आतषबाजी बघून वाटतं की हा संघ असाच खेळतो. तसं नव्हतं. तो एरवी मोजूनमापून खेळणारा, संधीची वाट बघणारा संघ होता.

खरी ओळख होते ती उपांत्यपूर्व फेरीतल्या रेआल माद्रिदविरुद्धच्या दोन सामन्यांत (एक त्यांच्या मैदानावर, एक घरी, आणि दोन्हींचे गोल मिळून निकाल). माद्रिदमध्ये मध्यंतराआधी स्किलाचीने मोनॅकोला पुढे नेलं आणि मग झिदान, फिगो, रोनाल्दोच्या संघाने चार गोल चढवले. ४-१. सगळं संपल्यात जमा. अशा वेळी ८३ व्या मिनिटाला मोरिएन्तेसने हेडरने एक गोल परत केला. ज्या क्लबने त्याला नको म्हणून पाठवलं होतं, त्याच क्लबच्या मैदानावर. शेवटचा आकडा ४-२.

परतीचा सामना ६ एप्रिल २००४. हा सामना संपूर्ण बघा, गोलांची चित्रफीत बघून भागवू नका. ३६ व्या मिनिटाला राऊलने गोल केला आणि एकूण हिशेब ५-२ झाला. मोनॅकोला आता तीन गोल हवे होते. मध्यंतराच्या शिट्टीआधी ज्युलीने बॉक्सच्या कडेवरून एक हाणला. दुसरा अर्धा सुरू होऊन तीन मिनिटं होतात न होतात तोच एव्हराने डावीकडून चेंडू उचलला आणि मोरिएन्तेसने उंच झेप घेऊन डोक्याने तो जाळ्यात घातला. त्याने जल्लोष आवरता घेतलाय का हे मी दर वेळी निरखून बघतो. मग ६६ वं मिनिट : उजवीकडून इबाराने चेंडू आत मारला, तो गोलाच्या रोखाने चाललाय की वाटेतच हुकतोय हे कळायच्या आत ज्युलीने धावता धावता टाच लावून त्याची दिशा बदलली. ३-१, एकूण ५-५, आणि परक्या मैदानावर केलेले दोन गोल मोनॅकोच्या खात्यात. उरलेली पंचवीसेक मिनिटं माद्रिदच्या नामवंतांचे पाय जड पडत गेले. मोनॅकोचे बाजूचे खेळाडू मात्र अजून पळत होते. ही पंचवीस मिनिटं मला तिन्ही गोलांपेक्षा जास्त आवडतात.

इथे एक गोष्ट नव्या प्रेक्षकाने समजून घ्यायलाच हवी. एकूण गोल बरोबरीत असतील तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे, हा नियम युएफाने २०२१ मध्ये रद्द केला. गेल्या काही वर्षांतच बघायला लागलेल्याला त्यामुळे ५-५ नंतर जादा वेळ का नाही, असा प्रश्न पडेल. या दोन्ही हंगामांत हा नियम निर्णायक ठरला. २००४ मध्ये लोकोमोटिव्ह मॉस्को आणि रेआल माद्रिद या दोघांविरुद्ध, २०१७ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध. नियम डोक्यात नसेल तर ८३ व्या मिनिटाच्या त्या मोरिएन्तेसच्या गोलाची किंमतच कळणार नाही.

उपांत्य फेरीत चेल्सी. घरच्या सामन्यात १-१ असताना दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीलाच मोनॅकोच्या झिकोसला लाल कार्ड मिळालं. दहा माणसांनी ती बरोबरी टिकवली असती तरी लोकांनी पाठ थोपटली असती. पण चेल्सीचे प्रशिक्षक क्लॉदिओ रानिएरी जिंकण्यासाठी पुढे सरसावले, बदल करत गेले, संघाची घडी विस्कटली, आणि मोरिएन्तेस व दुखापतीतून नुकताच परतलेला नोंदा यांनी शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल केले. ३-१. लंडनमध्ये चेल्सी २-० ने पुढे गेलं असताना इबारा आणि मोरिएन्तेसने पुन्हा २-२ केलं. (हेच रानिएरी पुढे मोनॅकोला दुसऱ्या श्रेणीतून वर घेऊन आले, २०१३ मध्ये.) मोरिएन्तेस ९ गोलांसह त्या वर्षी स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला. माद्रिद त्याला पगार देत राहिलं आणि तो माद्रिदलाच बाहेर काढून गेला.

अंतिम सामना गेल्सेनकिर्शेनला, २६ मे २००४, जोसे मोरिन्योच्या पोर्तोविरुद्ध. त्याची अपेक्षा ठेवून बसू नका. २३ व्या मिनिटाला ज्युली जायबंदी होऊन बाहेर गेला आणि संघाचं धार असलेलं टोकच मोडलं. पोर्तोचे गोल कार्लोस आल्बेर्तो, देको, अलेनिचेव्ह यांचे. ०-३.

आता २०१६-१७ चा युरोप. गटात टॉटनहॅमला वेम्बलीवर आणि घरीही २-१ ने हरवून मोनॅको पहिलं आलं. बाद फेरीत मँचेस्टर सिटी. २१ फेब्रुवारी २०१७ चा पहिला सामना ५-३ असा मोनॅकोने गमावला, आणि तरीही या हंगामातून एकच सामना बघायचा तर मी तोच सांगेन. मोनॅको दोनदा पुढे होतं. २-१ असताना आघाडीच्या फाल्काओची पेनल्टी अडवली गेली, अकरा मिनिटांनी त्याच फाल्काओने गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद चेंडू उचलून टाकला. मग शेवटच्या वीस मिनिटांत सिटीने तीन गोल मारले. दोन्ही संघांना बचाव माहीतच नसल्यासारखा तो सामना चालला होता. परतीच्या सामन्यात फाल्काओ दुखापतीमुळे नव्हता. एम्बापेने आठव्या मिनिटाला, फाबिन्योने एकोणतिसाव्याला गोल केला, सानेने सिटीला परत आणलं, आणि ७७ व्या मिनिटाला लेमारच्या फ्री किकवर बाकायोकोने डोकं लावलं. ६-६, परक्या मैदानावरच्या तीन गोलांवर मोनॅको पुढे.

डॉर्टमुंडविरुद्धची फेरी बघताना मन घट्ट करावं लागतं. ११ एप्रिलला डॉर्टमुंडच्या खेळाडूंच्या बसजवळ स्फोट झाले, बचावपटू मार्क बार्त्राचं मनगट जखमी झालं, आणि सामना चोवीस तासही न जाता दुसऱ्याच दिवशी खेळवला गेला. मोनॅकोने तो ३-२ आणि परतीचा ३-१ असा जिंकला. या विजयाला मोनॅकोच्या पराक्रमांत धरावं की नाही, यावर माझं मन अजून ठरत नाही. हादरलेल्या माणसांना त्या संध्याकाळी मैदानात उतरवायला नको होतं, एवढं मात्र ठाम म्हणतो. त्या रात्रीची एक गोष्ट मोठ्या मनाची घडली : मुक्काम वाढलेल्या मोनॅकोच्या पाठीराख्यांना डॉर्टमुंडच्या लोकांनी स्वतःच्या घरी झोपायला जागा दिली.

उपांत्य फेरीत युव्हेंटसने धडा शिकवला. घरी ०-२, दोन्ही गोल दानी आल्व्हेसच्या पासवर इग्वाइनचे, तुरिनला १-२. वर्षभर वादळासारखा खेळलेला संघ गोलरक्षक बुफोन आणि त्याच्या पुढच्या भिंतीसमोर बघता बघता पोरसवदा वाटायला लागला. २००४ च्या संघाकडे असलेलं काहीतरी या संघाकडे नव्हतं. मागे पडल्यावर थंड डोक्याने वाट बघण्याची सवय, असं मी त्याला म्हणेन.

लीग : इथे पारडं पूर्ण फिरतं

२००३-०४ च्या लीगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तेच त्या हंगामाचं दुखणं आहे. मोनॅकोने बराच काळ आघाडी सांभाळली आणि शेवटच्या टप्प्यात ती सोडली. लियों ७९, पॅरिस ७६, मोनॅको ७५. तिघांत सर्वांत कमी सामने हरलं ते मोनॅको, फक्त ५. पण १२ बरोबरीत सुटले. दर आठवड्याला तेच पाय आणि तीच फुप्फुसं. देशाँकडे दुसरा संघच नव्हता, त्यामुळे कोणता दगड सोडायचा हे त्याने ठरवलं नाही, ते आपोआप ठरलं. युरोपने लीग खाऊन टाकली.

२०१६-१७ मध्ये लीग हाच हंगामाचा कणा आहे. ३० विजय, ५ बरोबरी, ३ हार, ९५ गुण, १०७ गोल. (२००३-०४ च्या संघाने लीगमध्ये ५९ केले होते, तुलनेसाठी.) तिन्ही हार नाताळच्या आधीच्या आहेत, नीसला ०-४, तुलूजला १-३, घरी लियोंकडून १-३. त्यानंतर एकही नाही, आणि शेवटचे १२ सामने सलग जिंकले. मेट्झला त्यांच्याच मैदानावर ७-०. असे आकडे लागोपाठ बघितले की हे सोपं होतं असं वाटू लागतं. तसं वाटू नये म्हणून २९ जानेवारीचा पॅरिसमधला सामना जरूर बघा : काव्हानीच्या पेनल्टीने पॅरिस पुढे, सामना हातातून गेलेला, आणि भरपाईच्या वेळेत बर्नार्दो सिल्व्हाने लांबून मारलेला चेंडू गोलरक्षकाच्या अंगाखालून आत. १-१. पॅरिसच्या मैदानावर त्या एका गुणाने लीगचं वळण बदललं असं मला वाटतं.

या संघाचा खेळ कसा बघायचा तेही सांगतो, कारण नजर नेहमी चेंडूमागे धावते आणि नेमकं तिथे काही कळत नाही. कागदावर साधी ४-४-२, म्हणजे चार बचावात, चार मध्ये, दोन पुढे. पण उजवीकडचा बर्नार्दो सिल्व्हा आणि डावीकडचा लेमार बाजूला थांबायचेच नाहीत, आत सरकायचे. मोकळ्या झालेल्या कडेने सिदिबे आणि मेंदी हे दोन बचावपटू थेट कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत धावायचे. मग मागे मोठ्ठी पोकळी. ती झाकायला फाबिन्यो आणि बाकायोको. सामन्यात दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त फाबिन्योकडे बघा. मुळात तो उजव्या बाजूचा बचावपटू, जार्दिमने त्याला मध्ये आणला. मेंदी पुढे निघाला की फाबिन्यो चेंडूकडे न बघता आधी मागच्या मोकळ्या जागेकडे मान वळवतो. १०७ गोलांचा पाया त्या वळणाऱ्या मानेत आहे.

पुढे फाल्काओ. २०१४ च्या सुरुवातीला मोनॅकोकडूनच खेळताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, विश्वचषक हुकला, मँचेस्टर युनायटेड आणि चेल्सीत दोन वर्षं वाया गेली, सगळ्यांनी तो संपला म्हणून सोडून दिलं. परत येऊन कर्णधार झाला आणि लीगमध्ये २१ गोल. त्याच्या शेजारी आधी व्हॅलेर जर्में आणि मग एम्बापे. हंगाम सुरू झाला तेव्हा एम्बापे सतरा वर्षांचा होता आणि बाकावर होता. हंगाम क्रमाने बघण्याचा सर्वांत मोठा लाभ हा आहे : शरद ऋतूत तो शेवटची पंधरावीस मिनिटं येतो, डिसेंबरमध्ये लीग करंडकात रेनविरुद्ध तीन गोल मारतो, फेब्रुवारीत मेट्झविरुद्ध पुन्हा तीन, आणि एप्रिलमध्ये त्याच्याशिवाय संघ उतरवण्याचा विचारही जार्दिम करत नाही. आज जगप्रसिद्ध असलेला खेळाडू आठवड्यागणिक मोठा होताना बघायला मिळणं दुर्मीळ.

आणि आता तो एप्रिल. १ तारखेला लीग करंडकाच्या अंतिम सामन्यात पॅरिसने मोनॅकोला ४-१ असं धुतलं. २६ तारखेला फ्रेंच करंडकाच्या उपांत्य सामन्यात पुन्हा पॅरिस, या वेळी त्यांच्याच मैदानावर. तीन दिवस आधी लियोंचा सामना होऊन गेलेला, तीन दिवसांनी तुलूजचा, त्यानंतर चार दिवसांनी युव्हेंटसचा. जार्दिमने नेहमीच्या जवळजवळ सगळ्यांना विश्रांती दिली आणि पोरं उतरवली. ५-० हरले. एवढ्या मोठ्या सामन्याचा असा त्याग केल्याबद्दल बोलणी खावी लागणारच होती. पण २९ ला मोनॅकोने तुलूजला ३-१ हरवलं, आणि दुसऱ्या दिवशी पॅरिस नीसला १-३ हरलं. लीग तिथे सुटली. १७ मे रोजी सेंत-एतिएनला २-० हरवून २००० नंतरचं पहिलं विजेतेपद नक्की झालं.

मला हे पाच-शून्य त्या हंगामातलं सर्वांत महत्त्वाचं पान वाटतं. देशाँला निवड करता आली नाही, जार्दिमने ती केली आणि तिची किंमत सगळ्यांसमोर मोजली. क्लबचा हंगाम कसा चालवतात हे शिकायचं असेल तर ते इथे दिसतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला मी २०१६-१७ सांगतो ते याच कारणाने.

मग कुणी काय निवडावं

चार-पाच रात्री हातात असतील, किंवा घरात फुटबॉलचं वेड नसलेला जोडीदार सोबत बसणार असेल, तर २००३-०४. माद्रिदचे दोन, चेल्सीचे दोन, आणि शेवटी देपोर्तिवो. अंतिम सामन्याचा पहिला अर्धा तास बघून थांबलात तरी चालेल. लीगचे सामने संपूर्ण मिळवण्याच्या मागे लागू नका. त्या काळातले बहुतेक गोलांच्या तुकड्यांतच हाती लागतात, आणि चित्रही धूसर असतं.

महिना-दीड महिना देणार असाल, लीग हीच खरी परीक्षा असं मानणारे असाल, किंवा स्वतः एखाद्या संघाला शिकवत असाल, तर २०१६-१७. चित्र स्वच्छ, सामने मिळायला सोपे, खेळाडू ओळखीचे. ज्यांना हरलेल्या संघाचा लळा लागतो त्यांनी मात्र माझं ऐकू नये, सरळ २००३-०४ कडे जावं. त्यांना ज्युली आणि मोरिएन्तेस जितके जवळचे वाटतील तितके १०७ गोलवाले वाटणार नाहीत.

पुढे काय झालं तेही निवड करताना माहीत असावं, कारण दोन्ही संघ लगेच पांगले. २००४ च्या उन्हाळ्यात ज्युली बार्सिलोनाला, रोतें पॅरिसला, पर्शो ग्लासगोच्या रेंजर्सकडे, मोरिएन्तेस परत माद्रिदला. सात वर्षांत क्लब दुसऱ्या श्रेणीत. २०१७ मध्ये बर्नार्दो सिल्व्हा आणि मेंदी मँचेस्टर सिटीला, बाकायोको चेल्सीला, आणि एम्बापे आधी उसना व मग १८ कोटी युरोंना पॅरिसला. ज्या क्लबची लीग हिसकावली त्याच क्लबला. पहिल्या पांगापांगीत हतबलता होती, दुसरी धंद्याच्या हिशेबात आधीपासून धरलेली होती. तरी दुसरी मला जास्त सलते. युव्हेंटसने शिकवलेला धडा पचवून हाच संघ आणखी एक वर्ष एकत्र राहिला असता तर काय झालं असतं, हे बघायचंच राहून गेलं.

२०१६-१७ ने सुरुवात करणार असाल तर क्रम असा ठेवा. २८ ऑगस्टला घरी पॅरिसविरुद्धचा ३-१. मग २१ सप्टेंबरचा नीसमधला ०-४, तो टाळू नका. वेम्बलीचा सामना खरं तर या दोन्हींच्या मध्ये, १४ सप्टेंबरला झाला, पण तो नीसनंतर बघितलात तर संघाची दोन टोकं जास्त नीट कळतात. त्यानंतर रेनविरुद्धचा ७-०, २९ जानेवारीचा पॅरिस, सिटीचे दोन्ही सामने. १ एप्रिलचा अंतिम सामना आणि २६ एप्रिलचा ०-५ पाठोपाठ लावा. युव्हेंटस. आणि सर्वांत शेवटी सेंत-एतिएन. एम्बापेचा पहिला गोल मध्यंतराआधी आहे, जर्मेंचा दुसरा अगदी अखेरीला, तेव्हा लवकर बंद करू नका.